मंजूर झालेले पैसे खात्यात का पडत नाहीत? निराधार पेन्शन, लाडकी बहीण आणि आधारचा रस्ता, सोप्या भाषेत

तहसीलच्या यादीत नाव आहे, अर्ज मंजूर आहे, शेजारणीच्या खात्यात पैसे पडले आणि आपल्याच खात्यात नाही पडले, असं का? आमच्या भागात लोकांचे फॉर्म भरून देताना हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माणूस परत तहसीललाच जाऊन उभा राहतो कारण फॉर्म तिथं दिलेला असतो, तिथले लोक म्हणतात आमच्याकडून गेलेत, बँकेत विचारा, बँकवाले म्हणतात आमच्याकडं आलेच नाहीत, वर विचारा. आणि बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. पैसे मधेच कुठंतरी थांबलेले असतात आणि ते मधलं ठिकाण साध्या माणसाला कुणी कधी दाखवलेलंच नाही. तेच दाखवायचं म्हणून हे लिहितोय, जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा आणि घरी कामाला येणाऱ्या ताईंना, गावाकडच्या आत्याला समजावून सांगा.

आधी कुठल्या पैशांबद्दल बोलतोय ते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजार असलेले, अनाथ मुलं यांच्यासाठी. वयाची ६५ वर्षं झाली की श्रावणबाळ योजना लागू होते. जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये झाले, त्याआधी १,००० होते, आणि दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ते २,५०० केले. लाडकी बहीण सगळ्यांना माहितीय, २०२४ मध्ये आली, २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिना १,५००. हे सगळे पैसे आता डीबीटीनं येतात, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात. देशात ही पद्धत १ जानेवारी २०१३ ला सुरू झाली. निराधारचे पैसे मात्र बरीच वर्षं तहसील कार्यालयातून बँकेला यादी आणि रक्कम जाऊन मिळायचे, ते डिसेंबर २०२४ पासून डीबीटीवर आले आणि तेव्हापासून कित्येक म्हाताऱ्या माणसांचे वर्षानुवर्षं नीट येणारे पैसे अचानक थांबले, कारण नवा रस्ता पूर्णपणे आधार नंबरवर चालतो.

आता हा रस्ता कसा चालतो ते नीट बघा, कारण अर्ध्या अडचणी इथंच आहेत.

फॉर्मला आपण पासबुकची झेरॉक्स जोडतो, खाते नंबर पुन्हा पुन्हा तपासतो. पण आधारवरून होणाऱ्या पेमेंटमध्ये तो खाते नंबर वापरलाच जात नाही. सरकारकडून जी फाईल निघते तिच्यात प्रत्येकाचा आधार नंबर आणि रक्कम असते. ही फाईल एनपीसीआयकडं जाते, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, यूपीआय चालवणारी तीच संस्था. त्यांच्याकडं मॅपर म्हणून एक प्रचंड मोठी यादी असते, पोस्टमनच्या पत्त्याच्या वहीसारखी, आणि त्यात एका आधार नंबरसमोर एकाच बँकेचं नाव असतं. खाते नंबर नाही, फक्त बँक. पैसे त्या बँकेकडं जातात, मग ती बँक आपल्या सिस्टीममध्ये बघते की हा आधार आपल्याकडच्या कुठल्या खात्याला जोडलाय, आणि त्या खात्यात जमा करते.

याचा अर्थ काय? एखाद्या बाईची तीन खाती असतील, एक बचत गटामुळं जिल्हा बँकेत, एक जनधनचं, एक कुठल्यातरी कॅम्पमध्ये उघडलेलं पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं, तर पैसे तिनं फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, ज्या बँकेनं सगळ्यात शेवटी तिचं आधार मॅपरला चढवलं तिथं जातात. लाडकी बहीणचे पहिले हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये आले तेव्हा बँकांसमोर ज्या रांगा लागल्या त्यात अशा कितीतरी बायका होत्या ज्यांचे पैसे आले होते, पण त्या भलत्याच बँकेसमोर उभ्या होत्या. आमच्या इथल्या एका आजींची निराधारची पेन्शन कितीतरी महिने पोस्टाच्या खात्यात साठत होती आणि त्या इकडं उधारीवर औषधं आणत होत्या. ते खातं त्यांनी कधी उघडलं हेच त्यांच्या लक्षात नव्हतं, गावात कॅम्प होता, अंगठा दिला, एवढंच आठवत होतं. २०१७ मध्ये तर देशभरात हे झालेलं, सिमकार्डच्या आधार व्हेरिफिकेशनच्या वेळी ग्राहकाला न कळता पेमेंट्स बँकेची खाती उघडली गेली आणि लोकांची गॅस सबसिडी तिकडं वळली, त्यानंतरच बँक बदलताना ग्राहकाची संमती घ्यायचे नियम कडक केले.

दुसरी गोष्ट, "आधार लिंक आहे की" असं बँकेत सांगतात तेव्हा लगेच निघून येऊ नका. बँकेत आधार दोन प्रकारे लागतं. एक म्हणजे केवायसीसाठी, खातं उघडताना ओळखपत्र म्हणून दिलेलं, ते फक्त त्या बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. दुसरं म्हणजे सीडिंग, तुम्ही लेखी संमती दिल्यावर बँक तुमचं आधार एनपीसीआयच्या मॅपरला चढवते. पहिलं झालेलं असतं आणि दुसरं झालेलं नसतं, काउंटरवरचा माणूस पहिलं बघून हो म्हणतो, बाई समाधानानं घरी येते आणि पुढच्या महिन्यात परत काहीच नाही. त्यामुळं वाक्य नेमकं बोला: "डीबीटीसाठी माझं आधार एनपीसीआयला सीड करायचंय, त्याचा संमती फॉर्म द्या." फॉर्म भरल्यावर शिक्का मारलेली पोच घ्या. आपलं आधार सध्या कुठल्या बँकेला मॅप आहे ते माय आधार वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस मध्ये दिसतं, बँकेचं नाव, तारीख, आणि ॲक्टिव्ह आहे की नाही. त्याला आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. मोबाईल जोडलेला नसेल किंवा जुना नंबर बंद पडला असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या, मोबाईल बदलायला कुठलंही कागदपत्र लागत नाही, नुसता अंगठा चालतो. हे एक काम सगळ्यात आधी करा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

मॅपिंग बरोबर असूनही पैसे परत जातात, त्याची कारणं खात्यात असतात. खातं दोन वर्षं वापरलं नाही की बँक ते निष्क्रिय करते. यावर रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय की सरकारी योजनेच्या लाभार्थ्यांसाठी उघडलेली झिरो बॅलन्स खाती निष्क्रिय धरायची नाहीत, निष्क्रिय खातं चालू करायला पैसे घ्यायचे नाहीत आणि त्यावर किमान शिलकीचा दंडही लावायचा नाही. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, कुणी चालू करायचे पैसे मागितले तर याच परिपत्रकाचं नाव घ्या. आणखी एक भानगड स्मॉल अकाउंटची. पूर्ण कागदपत्रं न देता उघडलेलं खातं असेल तर त्यात एका वेळी ५० हजारांच्या वर शिल्लक चालत नाही (सरकारी अनुदानाला मात्र ही शिलकीची मर्यादा लागू नाही), वर्षात एक लाखाच्या वर जमा चालत नाही, महिन्याला १० हजारांच्या वर काढता येत नाही. मुलीच्या लग्नासाठी कुणी पैसे टाकले, कापसाचे पैसे आले, वर्षाच्या जमेची मर्यादा भरली की नंतर येणारी पेन्शन अडकू शकते आणि बाईला कारण कुणी सांगत नाही. एकदा आधार आणि पॅन, किंवा पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा फॉर्म ६० देऊन पूर्ण केवायसी करून टाकायची.

कपातीचंही सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पैसे आल्या आल्या काही बँकांनी किमान शिलकीचा दंड नाहीतर जुनं कर्ज म्हणून ते कापून घेतले होते, शेवटी महिला व बालविकास खात्याला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. ज्या बाईच्या हातात महिन्याला दीड हजार येणार आहेत तिच्या खात्याला किमान शिलकीची अटच नको. नेहमीचं सेव्हिंग अकाउंट असेल तर ते बेसिक सेव्हिंग खात्यात बदलून मागता येतं, त्याला शिलकीची अट नसते.

आता पैसे पडले. काढायचे कसे? बँक वीस किलोमीटरवर, मग गावातल्या बँकमित्राकडं, म्हणजे बँकेनं गावात नेमलेल्या माणसाकडं, अंगठा लावून काढायचे. इथं मी स्वतः बघितलेलं सांगतो. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी, हाताची कातडी साबणानं पार गुळगुळीत झालेली, मशीनवर उजवा अंगठा लावला, लाल दिवा. पदराला पुसून परत लावला, लाल दिवा. मग तर्जनी, मग डावा हात, मग दुकानदारानं मशीनची काच पुसून दिली, मागं रांगेतली माणसं कुजबुजायला लागली आणि मावशी म्हणाल्या राहू दे बाळा, उद्या येते. त्यांचा त्या दिवशी अर्धा खाडा झालेला होता. विडी वळणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बायकांचं हेच होतं, ज्यांनी आयुष्यभर हातानं काम केलं त्यांचेच ठसे झिजतात आणि आपली यंत्रणा नेमके तेच ठसे मागते. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात हे मान्य केलंय की अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला हक्काच्या लाभापासून दूर ठेवता येणार नाही. प्रत्यक्षात पर्याय मागून घ्यावे लागतात: काही ठिकाणी चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, बँकेच्या शाखेत विड्रॉल स्लिप आणि पासबुकवर पैसे मिळतात, पोस्टमन घरी येऊन आधारवर पैसे देऊ शकतो. आणि ७० च्या पुढच्या व दिव्यांग माणसांना घरपोच बँकिंग द्या असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे, शाखेत लेखी मागा. बँकमित्राकडं पावती मागितल्याशिवाय उठू नका, दर हजारामागं दहा वीस रुपये काढून घेणारे आहेत, आणि दोन हजार काढून हातात पंधराशे देणारेही आहेत, म्हाताऱ्या माणसाला आकडा वाचता येत नाही याचा फायदा घेतात.

हे झालं बँकेचं. पण खरी गाळणी त्याच्या आधीच आहे, अर्जापाशी. निराधार योजनेला वर्षानुवर्षं कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार अशी राहिलेली आहे, दिव्यांगांना ५० हजार. २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे एखाद्या विधवा बाईनं वर्षात ६८ दिवस सरकारच्याच कामावर सरकारच्याच दरानं खोदकाम केलं तरी ती सरकारच्या हिशेबानं निराधार राहत नाही! मग काय होतं, सगळ्यांचे उत्पन्नाचे दाखले बरोबर २१ हजारांच्या आत निघतात, तलाठ्यालाही माहीत असतं, बाईलाही माहीत असतं, आणि ज्याची ओळख आहे त्याचा दाखला निघतो, ज्याची नाही तो राहतो. माझ्या मते ही अट माणसाला खोटं बोलायला लावते आणि नंतर त्याच खोट्यावरून कुणीही त्याला धमकावू शकतं. लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे मर्यादा वाढवता येते.

आणि कागद कमी करता येतात हेही त्याच योजनेत दिसलं. सुरुवातीला २०२४ मध्ये तहसील आणि सेतूसमोर दाखल्यांसाठी गर्दी उसळली तेव्हा काही दिवसांतच सरकारनं नियम बदलले: पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवास दाखला नसेल तर १५ वर्षं जुनं रेशनकार्ड, मतदार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला यातलं काहीही चालेल. गरीब कोण हे रेशनच्या यादीत सरकारकडं आधीच आहे, मग तोच कागद परत का मागायचा, हा साधा विचार. तो निराधारच्या अर्जाला का नाही लावायचा? निराधारचा अर्ज मंजूर करायला तालुक्याची समिती असते, तिची बैठक लागेपर्यंत कागद पडून राहतात, बैठक कधी हे अर्जदाराला कळायची सोय नाही. नवरा वारल्यावर पहिल्या वर्षात घराला सगळ्यात जास्त गरज असते आणि नेमकं ते वर्ष मृत्यू दाखला, वारस नोंद, नावातली दुरुस्ती यात जातं.

नावाचा घोळ तर आपल्याकडचा खास. लग्नाआधी माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि जुन्या पिढीत तर स्वतःचं नावही सासरी बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून घाईघाईत सेतूत काहीतरी दुरुस्त करू नका, आधी कुठलं नाव सगळीकडं ठेवायचं ते ठरवा, मग बदला.

मिळणारे पैसे मधेच बंद होणं ही वेगळीच धास्ती. निराधारवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऊसतोडीला गेलेलं बीडकडचं कुटुंब दिवाळीच्या आसपास निघतं ते मार्च एप्रिलला परततं, मधल्या काळात गावात काही पडताळणी झाली तर त्यांच्या घराला कुलूप. लाडकी बहीणला सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची केली, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी मागितला. जिचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत तिनं कुणाचा ओटीपी आणायचा? जिला नवऱ्यानं टाकून दिलं तिनं त्यालाच फोन करायचा? ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली आणि अशा बायकांना मृत्यू दाखला, घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडं द्यायची मुभा दिली. पण टाकलेल्या बाईकडं घटस्फोटाचा कागद कुठून असणार. फॉर्म बनवताना एखाद्या अंगणवाडी ताईला शेजारी बसवून विचारलं असतं तर तिनं हे पाच मिनिटांत सांगितलं असतं, ही माझी खरी तक्रार आहे.

दुसऱ्या राज्यांत काय चाललंय तेही बघण्यासारखं आहे. आंध्र प्रदेशात पेन्शन महिन्याच्या पहिल्या तारखेला घरी आणून हातात देतात, जुलै २०२४ पासून म्हाताऱ्यांना आणि विधवांना महिना ४,००० रुपये. रक्कम मोठी आहेच, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती तारीख. एक तारखेला येणार म्हणजे येणार, त्यावर किराणावाला उधार देतो, औषध आणता येतं. आपल्याकडं हप्ता कधी येणार हे व्हॉट्सॲपवरच्या अफवांवरून कळतं. उलट हरयाणात कुटुंब ओळखपत्र काढून सगळी माहिती एकत्र केली, वय झालं की पेन्शन आपोआप, कल्पना चांगली, पण माहिती चुकली की जिवंत माणूस कागदावर मेला. २०२२ मध्ये रोहतकला १०२ वर्षांच्या एका आजोबांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायला बँडबाजासकट वरात काढली, तेव्हा कुठं हालचाल झाली. कॉम्प्युटरनं आपोआप नाव चढवावं, पण आपोआप कापू नये. पैसे बंद करायचे असतील तर आधी मराठीत नोटीस, कारण, उत्तर द्यायला वेळ, आणि तोपर्यंत पैसे चालू. एसएमएस पाठवायचा तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर जातो हे लक्षात घेऊन ग्रामपंचायतीत यादीसुद्धा लावायची, नावापुढं कारण लिहून: मॅपिंग नाही, खातं निष्क्रिय, हयातीचा दाखला बाकी. पेमेंट परत येताना त्याचं कारण सिस्टीममध्ये नोंदलेलं असतंच, ते फक्त बाईपर्यंत पोचत नाही.

हे सरकारनं करेपर्यंत आपल्या हातात काय आहे? महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे आणि तो खूप कमी लोक वापरतात. त्यात अधिसूचित सेवांना दिवस ठरलेले आहेत, उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत. अर्ज दिला की नंबर असलेली पोच घ्या, पोच नसेल तर कायद्याच्या दृष्टीनं अर्जच नाही. दिवस उलटले किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं, मग दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडं. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फेटाळलं तर कारण लेखी मागा, "साहेब नाही म्हणाले" हे कारण नाही. दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ५०० च्या स्टॅम्पपेपरला पाठवलं तर विचारा का म्हणून.

बँकेची तक्रार असेल, सीडिंग करत नाहीत, पैसे कापले, खातं चालू करायचे पैसे मागतात, तर आधी शाखेत लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आणि बाईबरोबर कुणीतरी एकजण जा. काउंटरवर एकट्या म्हातारीला जे उत्तर मिळतं ते शेजारी वही-पेन घेऊन उभ्या असलेल्या मुलीला मिळत नाही, हे दरवेळी बघतोय.